उद्देश शाईनं, साहित्य पेन्सिलीनं

आमच्या भूगोल विभागाच्या भिंतीवर जिल्ह्याचा जो मोठा नकाशा टांगलेला होता, त्यात गोंदिया अजून आमच्याच घरात नांदत होतं. जिल्हा तुटून काही वर्षं होऊन गेली होती, पण भिंतीला ते कुणी कळवलं नव्हतं. मी रुजू झाले त्याच आठवड्यात लाल पेन घेऊन खुर्चीवर चढले आणि नवी हद्द ओढून टाकली. प्राचार्य दारातून पाहत होते. "मॅडम, कॉलेजच्या वस्तूवर असं लिहिता येत नाही," ते म्हणाले. "सर, चुकीचा नकाशा लावता येतो का?" मी वरूनच विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि निघून गेले. ही बाई तिखट आहे, हे त्या दिवशी स्टाफरूममध्ये सर्वमान्य झालं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

हे आधी सांगायचं कारण, दुसऱ्याच्या नकाशातली चूक मला लगेच दिसते. माझ्या स्वतःच्या कामातली चूक दिसायला मात्र मला एका विद्यार्थिनीच्या गावापर्यंत जावं लागलं.

आमचं कॉलेज लाखनीच्या पुढे, महामार्गाला लागून. शिकवताना ट्रक आला की वाक्य तोंडात धरून थांबायचं आणि ट्रक गेला की पुढचा अर्धा भाग सांगायचा, ही सवय आमच्या सगळ्या प्राध्यापकांना आहे. मी मूळची मोहाडीची. आजोबांनी दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरात शिक्षणाच्या आड येणाऱ्या कशाचीच गय केली गेली नाही, मग तो सण असो की सोयरा. त्यामुळे आपण पोरांसाठी दारं उघडणाऱ्यांतल्या आहोत, असा माझा स्वतःबद्दल पक्का समज होता.

म्हणूनच मी भांडून संगणकांची खोली मिळवली. बारा संगणक, त्यात नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. नागपूरची पोरं करतात ते आमच्या पोरांनी का करू नये? प्रात्यक्षिकाची वही मी नव्यानं लिहून काढली. आमच्या वहीत प्रत्येक प्रयोगाचे चार ठरलेले मथळे असतात: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. समोच्च रेषांच्या प्रयोगात, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या प्रयोगात, मी साहित्याखाली ठसठशीत लिहिलं: संगणक. आणि खाली टीप टाकली, की प्रयोगशाळेत काढलेली प्रिंट जोडल्याशिवाय वही तपासली जाणार नाही. ती टीप लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

त्याच वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ती होती. वय पस्तिशीच्या पुढे, अंगणवाडी सेविका, दोन पोरांची आई. बारावीनंतर लग्न झालं आणि पुढचं शिक्षण पोरं शाळेत जायला लागल्यावर सुरू केलं. पहिल्या वर्षी, पहिल्याच दिवशी ती साडी नेसून, खांद्याला पर्स लावून वर्गात शिरली, तर सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि एका सुरात "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला. तीही बावरून "बसा, बसा" म्हणाली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. ही गोष्ट वर्षभर पुरली. मी तिला ताई म्हणायची, कारण ती माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठीच होती.

तिचं गणित तासांचं होतं. आमचं कॉलेज सकाळचं. ती पहिले तास करून एस.टी.नं अंगणवाडी गाठायची आणि पोरांच्या खिचडीच्या वेळेला तिथं हजर असायची. प्रात्यक्षिकं दुपारी. त्या वेळी ती सात कोसांवर कुणाचं तरी लेकरू वजनकाट्यावर बसवत असायची. म्हणजे माझ्या बारा संगणकांपैकी एकालाही तिचा हात लागणार नव्हता.

मी काही निष्ठुर नव्हते. मी तिच्यासाठी सॉफ्टवेअरचा व्हिडिओ तयार केला, माझ्या आवाजात, पायरीपायरीनं, आणि तिच्या फोनवर पाठवला. आठवड्यानं विचारलं, "ताई, पाहिला का?"

"नाही जी मॅडम. लाईनच नव्हती."

बरोबर आहे, मी मनात म्हटलं, गावात नेटची बोंब असणारच. मग मी व्हिडिओ छोटा केला. पुन्हा विचारलं. "लाईन नव्हती जी." मी त्याचे चार तुकडे केले. तरी तेच उत्तर. शेवटी चिडून मी सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये भरून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, आता लाईन असो नसो, काही अडत नाही. तिनं तो पेन ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला, पदराच्या टोकात बांधला आणि "हाव जी" म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, पण मला माझ्याच युक्तीचं कौतुक इतकं होतं की मी ते नजरेआड केलं.

होळी जवळ आली आणि वह्या जमा करायची वेळ झाली. तिची वही आली नाही. तिच्यासाठी हे नुसते मार्क नव्हते. सेविकेवरून पर्यवेक्षिका व्हायची परीक्षा त्या वर्षी निघणार होती, तिला पदवी लागत होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे विषयात नापास, विषयात नापास म्हणजे पदवी नाही. मग ती निवृत्त होईपर्यंत त्याच एका खोलीत खिचडी मोजत बसणार. हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. रडून नाही, एस.टी.चं वेळापत्रक सांगावं तसं.

प्राचार्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, नियम तुम्हीच केला. आता तुम्हीच मोडाल, तर बाकीची पोरं काय म्हणतील?" त्यांचा तो शांत चेहरा पाहून माझं डोकं आणखी फिरलं. रविवारी सकाळी मी स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले. खरं सांगायचं तर मी तिच्यावरच चिडले होते. चार महिने, चार प्रकारे पाठवलं, आणि ह्या बाईनं एकदाही उघडून पाहिलं नाही? हेच तिला तोंडावर विचारायचं होतं.

घरी ती पोळ्या लाटत होती. मला पाहून लाटणं तसंच हातात धरून बाहेर आली. चहा झाला. मी घामानं निथळत होते, पंख्याकडे पाहिलं. तिची सासू म्हणाली, "लाईन नाही बाई. लाईन रातच्या तीनले येते अन् घडीभरात जाते."

मी कप खाली ठेवला. आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. माझ्या आईच्या तोंडी जन्मभर लाईन म्हणजे वीजच. "लाईन गेली, कंदील काढ" हे ऐकतच मी मोठी झाले. पण कॉलेजच्या फाटकातून आत गेलं की माझे कान बदलतात आणि लाईनचं ऑनलाईन होतं. चार महिने ती मला सांगत होती की घरात वीज नाही, फोन चार्ज होत नाही, आणि मी व्हिडिओ बारीक करत बसले होते. शहरातला कुणी असता तर त्यानं निदान "कसली लाईन?" असं तरी विचारलं असतं. मी इथलीच, म्हणून मला विचारायचीही गरज वाटली नाही.

"आणि तो पेन ड्राइव्ह?" मी विचारलं.

"आहे ना जी, जपून ठेवला. अंगणवाडीतल्या तांदळाच्या डब्यात. पण तो लावाचा कशाले, ते नाही समजलं."

मला हसू यावं की लाज वाटावी ते कळेना. दोन्ही एकदमच झालं. घरात संगणक नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी पेन ड्राइव्ह दिला होता.

"चला, समोच्च रेषा काय असते ते तरी सांगते," मी म्हटलं. "कागद आणा." मी कागदावर एक टेकडी काढली आणि म्हटलं, ह्या रेषेवर चालत गेलं तर आपण वरही चढत नाही आणि खालीही उतरत नाही.

तिनं कागदाकडे नीट पाहिलं. "म्हणजे आमच्या तलावाची कोर जी?"

"कसली कोर?"

"पाण्याची कोर. पाणी तं सारं एकाच उंचीवर राहते ना? मग त्याच्या काठाकाठानं चाललं तर तेच झालं. मी तं दिवाळीपासून तेच करून राहिली. चला, दाखवतो."

गावाचा तलाव घरामागे पाच मिनिटांवर होता. आमच्या भागातले जुने तलाव जसे असतात तसाच: एका बाजूला मातीची उंच पाळ आणि पाळीत दगडी तुडूम. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार, पण हे दार पायऱ्यांचं असतं. एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडी दट्ट्या. दिवाळीनंतर वरचा दट्ट्या काढतात, पाणी त्या भोकापर्यंत उतरतं आणि थांबतं. शेतांची गरज लागली की त्याखालचा काढतात. दोन भोकांत बरोबर एक हात अंतर.

आणि काठाच्या उतारावर मला हिरव्या रांगा दिसल्या. एकीखाली एक, वळणं घेत, तलावाला कवेत घेतल्यासारख्या. पाच रांगा.

"ह्या काय आहेत?"

"बेशरम जी," ती हसून म्हणाली. "पाणी थांबलं की कोरीवर काड्या खोचत होती. दुसऱ्या काड्या पोट्टे उपटतेत, बेशरमाले कोणी हात लावत नाही. पण मेल्या ओल्या चिखलात फुटल्या."

बेशरमाचं झुडूप कुठंही लावा, फुटतंच, म्हणून तर त्याला ते नाव पडलं. माझ्यासमोर पाच समोच्च रेषा उगवून आल्या होत्या, त्यांना पानं फुटली होती, आणि त्यांतल्या दोन रेषांमधलं अंतर शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा गवंड्यानं दगडात ठरवून ठेवलं होतं. भूगोलाची बाई म्हणून मी इतकी वर्षं फळ्यावर ज्या रेषा काढत आले, त्या मी पहिल्यांदाच पायाखाली पाहत होते. माझे डोळे भरून आले. मी ते घामावर ढकललं.

"पण तुम्ही हे कशासाठी केलं?" मी विचारलं. "मी तर सांगितलं नव्हतं."

ती पाळीपासून थोड्या दूरच्या एका जागेकडे बोट दाखवत म्हणाली, "तिथं काठाचा मुरूम खणून नेला आहे. तलाव भरला की दिसत नाही. एक पाऊल गुडघाभर, दुसरं गळाभर. माझ्या अंगणवाडीतले पोट्टे मायच्या मागं मागं येतेत, माय कपडे धुते, ते पाण्यात जातेत. कुठपर्यंत जाऊ द्याचं ते मायलेकरांले सांगाले पाह्यजे ना? म्हणून मोजून राहिली."

मोजणं कसं, तर वरच्या काठाला शेताचा सरळ धुरा, म्हणजे बांध, होता. त्या धुऱ्यावर दर वीस पावलांवर उभं राहून, हातहातावर गाठी मारलेला दोर उतारावरून सरळ पाण्याकडे ताणायचा आणि प्रत्येक रांग किती गाठींवर येते ते लिहायचं. ह्याला आमच्या पुस्तकात भलं मोठं नाव आहे आणि त्यावर आम्ही दोन तास घेतो. तिनं हे सगळं वजनाच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवलं होतं. नकाशा तेवढा काढायचा राहिला होता.

परतताना स्कूटीवर मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. मग घरी पोहोचून विद्यापीठाचा अभ्यासक्रम काढला आणि तो प्रयोग पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं: विद्यार्थ्यास समोच्च रेषा काढता व वाचता याव्यात. संगणक हा शब्द कुठंच नव्हता. तो मी घातला होता. दार उघडायला निघालेल्या बाईनं दाराला स्वतःच्या हातानं कुलूप लावलं होतं आणि वर किल्ली सगळ्यांना मिळते अशी समजूत करून घेतली होती.

सोमवारी मी प्रात्यक्षिकाची वही पुन्हा लिहायला घेतली. ह्या वेळी एकच पथ्य पाळलं. उद्देश शाईनं लिहिला. साहित्य पेन्सिलीनं. काय शिकायचं ते पक्कं, त्यात सूट नाही, तिथं मी आधीपेक्षाही कडक झाले. कशानं शिकायचं ते मात्र खोडता येईल असं. संगणक असेल तर संगणक, नसेल तर कागद, दोर, वाळूचा ढीग, गावातला तलाव. प्रिंटची टीप मी फाडूनच टाकली. प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं, "सर, नियम चुकला होता. माझाच होता. बदलला." ते म्हणाले, "बाहेरचे परीक्षक विचारतील, मग?" "मी उत्तर देईन," मी म्हटलं. "नाही तर ती देईल. तिचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं असेल." ह्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास होता, पण तरी त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. माझं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते तिचं.

परीक्षेच्या दिवशी आलेले परीक्षक उतारवयाचे, कमी बोलणारे होते. त्यांनी एकेक वही पाहायला सुरुवात केली. प्रिंटा सुंदर होत्या, रंगीत, आणि सगळ्या सारख्या. एका हुशार विद्यार्थ्याला त्यांनी विचारलं, "इथे रेषा इतक्या जवळ का आल्या?"

"सर, सॉफ्टवेअरनं काढल्या."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग तिची वही आली. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "साहित्यात काय लिहू जी?" मी म्हटलं होतं, "खरं ते लिहा." परीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं: "तुडूम, दोर, बेशरमाच्या काड्या, पाय." वर्ग फिसकन हसला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी तिचा नकाशा टेबलावर पसरला आणि तोच प्रश्न विचारला. इथे रेषा जवळ का?

"तिथं कडा उभा आहे जी. मुरूम खणला आहे. लेकरू गेलं तर परत येत नाही."

मग त्यांनी त्याच भागाची एक प्रिंट शोधून काढली आणि तिच्या नकाशाशेजारी ठेवली. प्रिंटमध्ये तो तलाव होता, पण नुसता निळा डाग. काठापर्यंत रेषा येत होत्या आणि पाण्यापाशी संपत होत्या. तिच्या नकाशात त्या तिथून सुरू होत होत्या.

"हा तलाव ह्या नकाशात सपाट आहे," ते कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले आणि त्यांनी सही केली. मार्क किती दिले ते आम्हाला कळायची सोय नव्हती.

निकाल लागायला उन्हाळा संपत आला. कॉलेजच्या संगणकावर मीच पाहिला. ती पास होती. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यांत वर. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचे फॉर्म भरायचा दुसरा दिवस शेवटचा होता. मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आता मात्र मला विचारायची गरज नव्हती, लाईन नसणार. मी एका कागदावर लिहिलं, "पास! उद्या सकाळी कागदपत्रं घेऊन या," खाली तिच्या अंगणवाडीचं नाव टाकलं, धावत फाट्यावर गेले आणि तिच्या गावच्या दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात दिला. घडी घालायचं भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती आली. चेहरा रागावल्यासारखा आणि डोळे हसरे.

"मॅडम, चिठ्ठी बंद करून द्याची होती जी. कंडक्टरनं साऱ्या गाडीले वाचून दाखवली. साऱ्या गावाले समजलं, मलेच शेवटी."

"तुम्हाला कुणी सांगितलं मग?"

"माझ्या अंगणवाडीतल्या पोरीनं. चार वर्षांची आहे. पळत आली आन् म्हणे, बाई, तू पास झाली. आता तू येणार नाहीस का?" तिनं खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली. "मी म्हटलं, येईन. पण आता साऱ्या गावांच्या अंगणवाड्यांत येईन."

मी फॉर्म तिच्यापुढं सरकवला. त्यात रकाने बारीक होते आणि खाडाखोड चालणार नाही अशी सूचना होती. मी माझी पेन्सिल पुढं केली आणि म्हटलं, "ताई, आधी पेन्सिलीनं भरा. चुकलं तर खोडता येईल."

तिनं पेन्सिल घेतली, पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली.

"नाही जी," ती म्हणाली. "हे शाईनंच."

आणि तिनं पर्समधून पेन काढून टोपण उघडलं.